पाणी आल्याचा निरोप : नळ, टाकी आणि टेलिग्रामच्या नोंदी

अमळनेर तालुक्यात बोरीकाठी आमचं गाव. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, बहुतेक वेळा रात्री, आणि वेळ ठरलेली नसते. आई तोटी उघडी ठेवते आणि तिच्याखाली रिकामी पितळी घागर. धार पडली की घागर वाजते, आई उठते. पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं, मग पिण्याचं भरायचं, मग नळी हौदात टाकायची आणि हौद भरला की मोटर लावून वरची टाकी. घागर ऐकू येईल की नाही या धास्तीने पाण्याच्या पाळीच्या आसपासच्या दोन-तीन रात्री ती नीट झोपत नाही. वय ६३, साखरेची गोळी चालू.

म्हणून पाणी आलं की फोनवर टेलिग्रामचा निरोप पाठवणारं आणि टाकीतलं पाणी मोजणारं यंत्र घरीच करायचं ठरवलं. मी नोकरीला धुळ्याला. शनिवारी घरी जातो, रविवारी रात्री परत. त्यामुळे प्रत्येक चूक दुरुस्त करायला पुढचा शनिवार उजाडावा लागला. हे काम कुणी घरी करणार असेल तर माझे वाया गेलेले आठवडे त्याला उपयोगी पडावेत, म्हणून या नोंदी.

८ मार्च २०२५, शनिवार

सामान आलं. नोडएमसीयू (वाय-फाय असलेलं, संगणकासारखं लहान यंत्र) बोर्ड दोन, प्रत्येकी २९० रुपये. पाण्याचा प्रवाह मोजणारा वायएफ-एस२०१ सेन्सर, २४० रुपये. टाकीसाठी जेएसएन-एसआर०४टी हा पाण्याला न भिणारा, आवाजाच्या प्रतिध्वनीने अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, ३४० रुपये. तारा, रेझिस्टर, प्लॅस्टिकचे डबे मिळून ३५०.

रात्री टेबलावरच बॉट, म्हणजे आपोआप संदेश पाठवणारं खातं, तयार केला. टेलिग्राममध्ये बॉटफादरला (बॉट बनवून देणारा टेलिग्रामचाच बॉट) सांगितलं, त्याने टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली, दिलं, बोर्डावरून पहिला संदेश गेला. अर्ध्या तासाचं काम. मराठीत पाठवायला गेलो आणि अडकलो. मजकूर थेट वेबपत्त्याच्या ओळीत घालत होतो, पहिल्या मोकळ्या जागेपाशी संदेश तुटायचा. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइटचं, पत्त्यात ते नऊ अक्षरांचं होतं. शेवटी मजकूर पत्त्यात न घालता वेगळा, जेसन नावाच्या साच्यात, पोस्ट करून पाठवला, तेव्हा नीट गेला. यात रात्रीचा एक वाजला.

व्हॉट्सअ‍ॅपवरच का नाही, असं घरातल्या नानांनी विचारलं. टेलिग्रामचा बॉट फुकट आहे, कुणाची परवानगी लागत नाही आणि बोर्डासारख्या लहान यंत्राला तो सहज जमतो. आईच्या फोनमध्ये टेलिग्राम टाकून दिलं.

९ मार्च, रविवार

प्लंबरने नळाच्या पाइपात सेन्सर बसवून दिला. अर्धा इंची चुड्या (आटे) सरळ जुळल्या. टेफलॉन टेपसकट मजुरी ३००.

बोर्ड मात्र वाय-फाय धरेना. घराचा पुढचा भाग जुना धाब्याचा, दोन फुटी मातीच्या भिंती. राउटर पुढच्या खोलीत, नळ मागच्या अंगणात. सिग्नल उणे ८९ दाखवत होता, म्हणजे असून नसल्यासारखा. मातीची जाड भिंत सिग्नल किती खाते ते स्लॅबच्या घरात राहणाऱ्याला कळणार नाही. कपाटातला जुना राउटर रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारा) करून मधल्या दारात, खिडकीच्या वर बसवला. उणे ६७ झाला. नोडएमसीयूला फक्त २.४ गिगाहर्ट्झ समजतं, राउटरचं ५ चं नाव त्याला दिसतच नाही, हेही लक्षात ठेवा.

१३ मार्च, गुरुवार (धुळ्याहून)

पहाटे २:५० ला फोन वाजला. "फ्लो डिटेक्टेड १२.४". मी आईला फोन लावला, ती उठून अंगणात गेली. पाणी नाही. फोनवर म्हणाली, "पानी उनं नही भाऊ, नुसती हवा उनी." (पाणी आलं नाही, नुसती हवा आली.)

पाणी सुटण्याआधी रिकाम्या पाइपातली हवा पुढे ढकलली जाते, आणि सेन्सरचं लहान चाक हवेनेही फिरतं. वॉलमनने दुसऱ्या गल्लीचा वॉल्व्ह फिरवला तरी आमच्या पाइपात हवा सरकते. त्या रात्री आमचं पाणी आलंच नाही. आई मात्र तेव्हापासून जागी होती. जिची झोप वाचवायची तिलाच उठवलं, याचं दिवसभर वाईट वाटत राहिलं.

१५ आणि १६ मार्च

दोन दिवस फक्त आकडे जमवले. शनिवारी रात्री खरंच पाणी आलं, त्यामुळे हवा आणि पाणी दोन्ही नोंदीत सापडलं. चाक फिरताना सेन्सर विजेचे ठोके देतो. मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल तर सेकंदाला साडेसात ठोके धरायचे असतात. हवेत ठोके एकदम सेकंदाला ८०-९० पर्यंत जातात, पाच-सात सेकंदांत शून्य, पुन्हा उसळी. पाण्यात मिनिटभरात ते ४५ ते ६० च्या दरम्यान स्थिरावतात.

फक्त ठोक्यांवर भरवसा ठेवायचा नाही असं ठरवलं. सेन्सरच्या पुढे एक टी (टी आकाराचा पाइपाचा जोड) टाकला, त्यात स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू, एकमेकांना न टेकणारे. पाणी आलं की दोघांमधून किंचित वीज वाहते. पण सतत वीज सोडली तर स्क्रूवर पांढरा थर चढतो, आमचं पाणी क्षाराचं आहे. म्हणून दर दोन सेकंदांनी काही मिलिसेकंदच वीज द्यायची, वाचायचं, बंद करायची.

एकट्या स्क्रूंवरही चालत नाही. पाणी गेल्यावर टीमध्ये ओलावा राहतो आणि तासभर "पाणी आहे" असंच दिसतं. म्हणून दोन्ही मिळून अट : स्क्रू ओले हवेत आणि ठोके सलग ४५ सेकंद स्थिर हवेत. पाऊण मिनिट उशीर होतो, पण पहिलं गढूळ पाणी तसंही सोडायचंच असतं.

मजकूरही बदलला. "फ्लो डिटेक्टेड" वाचून आईला काय करायचं ते कळत नव्हतं. आता एवढंच जातं : "पानी उनं." घरात जी बोली बोलतात तीच. लिटर वगैरे माझ्या खाजगी चॅटला.

१९ मार्च, बुधवार

पाणी आलं, संदेश बरोबर गेला, आई झोपलेली राहिली. घागरीच्या आवाजाने नाना उठले. आईच्या फोनने बॅटरी वाचवण्यासाठी टेलिग्राम झोपवून ठेवलं होतं. संदेश सकाळी सहाला, फोन उघडल्यावर दिसला.

शनिवारी तीन गोष्टी केल्या : टेलिग्रामची बॅटरीची बंधनं काढली, त्या चॅटला वेगळा, लांब वाजणारा आवाज दिला, आणि रात्रीच्या "त्रास देऊ नका" मधून तिला सूट दिली. प्रत्येक फोनमध्ये या गोष्टी वेगळ्या जागी असतात, शोधायला वेळ काढा. सेन्सरवर दोन आठवडे घालवले आणि फोनच्या सेटिंगकडे पाहिलंच नव्हतं. ज्याला निरोप जायचा त्याचा फोन आधी तपासा, मग सोल्डरिंगला बसा.

३० मार्च, पाडवा

सोमवारी ईदची सुट्टी, म्हणून टाकीचं काम काढलं. टाकी मागच्या स्लॅबच्या खोलीवर, हजार लिटरची. माझ्या मोजणीने एका सेंमीला साधारण दहा लिटर.

सेन्सर आधी सरळ झाकणात भोक पाडून बसवला. टाकी भरत आली की आकडे वेडेवाकडे. हा सेन्सर वीस-पंचवीस सेंमीपेक्षा जवळचं पाहू शकत नाही, आणि भरलेल्या टाकीत पाणी झाकणापासून दहाच सेंमीवर असतं. चार इंची पाइपाचा तुकडा लावून उंच केला, तर आवाज पाइपाच्या भिंतीवरच आपटून परत यायला लागला. शेवटी तळ कापलेली जुनी प्लॅस्टिकची बादली झाकणावर उपडी बसवली, रुंद असल्याने आवाज मोकळा खाली जातो. सेन्सर आता तळापासून १२५ सेंमीवर.

दुसरी अडचण विजेची. खालून मोबाइलच्या चार्जरची ५ व्होल्टची तार १५ मीटर वर नेली होती. वाय-फायवर पाठवायच्या क्षणी बोर्ड जास्त वीज ओढतो, बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हा सुरू होतो. तासात अकरा वेळा. १२ व्होल्ट वर नेले आणि बोर्डाशेजारी व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टर लावला, थांबलं. त्या गडबडीत तारा उलट्या जोडून एक बोर्ड जाळला. २९० रुपये.

सोमवारी पहाटे सहाला फूटपट्टी टाकून आकडे जुळवले. तंतोतंत. इशारा ठेवला : १० सेंमीखाली गेलं की "टाकी रिकामी होतेय", आणि वरती ९५ ला "मोटर बंद करा". टाकीच्या नळाचं तोंड तळापासून ६ सेंमीवर आहे, म्हणून १० पुरेसं वाटलं.

६ एप्रिल, रविवार

सकाळी फोनवर ६४ संदेश. मोटर चालू असताना पाणी हिंदकळतं, आकडा ९४, ९५, ९६ असा नाचतो आणि प्रत्येक वेळी नवा इशारा. पुढे टेलिग्रामनेच ४२९ (फार संदेश झाले) असं उत्तर देऊन थांबवलं. संदेश घरच्या गटात जात होते, आणि गटात बॉटला मिनिटाला वीसपेक्षा जास्त संदेश पाठवता येत नाहीत.

दुरुस्ती सोपी : एकदा इशारा गेला की पाणी ८५ च्या खाली येईपर्यंत तोंड बंद. खालच्या बाजूला १० ला इशारा, २५ च्या वर गेल्यावरच पुढचा. आणि एका आकड्याऐवजी नऊ वेळा मोजून मधला घ्यायचा. हे पहिल्या दिवशीच घालायला हवं होतं. आईने तोवर चॅट म्यूट केलं होतं, तिची समजूत घालून परत सुरू करून घेतलं.

याच दिवशी मित्राला दाखवायला कोडचा फोटो एका गटात टाकला, त्यात टोकन स्पष्ट दिसत होतं. टोकन हातात असलेला कुणीही आमच्या बॉटच्या नावाने आईला काहीही पाठवू शकतो. बॉटफादरला रिव्होक (जुनं टोकन रद्द) सांगून नवं घेतलं, दोन्ही बोर्डांत बदललं.

१७ एप्रिल, गुरुवार

बुधवारी संध्याकाळी वारा सुटला, वीज गेली, रात्री अकराला आली. पहाटे पाणी येऊन गेलं, संदेश नाही. आई त्या रात्री पहिल्यांदा निर्धास्त झोपली होती. घागर वाजली, तिला ऐकू आली नाही, नाना शेतावर मुक्कामी. पाच दिवसांचं पाणी गटारात वाहून गेलं. दुपारी शेजारच्या काकूंच्या हौदातून चार घागरी आणल्या.

या प्रकल्पातली सगळ्यात मोठी चूक हीच. आधी तिचा भरवसा बसवला आणि मग तो पाळला नाही.

१९ एप्रिल, शनिवार

कारण सापडलं. टेलिग्रामशी बोलणं सुरक्षित जोडणीतून होतं. समोरच्याचं प्रमाणपत्र तपासायला बोर्डाला आजची तारीख माहीत लागते, आणि त्याच्यात स्वतःचं घड्याळ नाही. चालू झाल्यावर तो १ जानेवारी १९७० धरतो आणि इंटरनेटवरून वेळ मागून घेतो. वीज आली तेव्हा बोर्ड दोन सेकंदांत उठला, राउटरला उठायला दोन मिनिटं लागली. बोर्डाने वेळ एकदाच मागितली, मिळाली नाही, तसाच पुढे गेला. १९७० च्या तारखेला आजचं प्रमाणपत्र चालत नाही, म्हणून रात्रभर प्रत्येक संदेश नाकारला गेला.

प्रमाणपत्र न तपासण्याची सोय आहे, तिला सेट-इनसिक्युअर म्हणतात, आणि बरेच जण तीच वापरतात. मला घरच्या टोकनसाठी ते नको होतं. आता वेळ मिळेपर्यंत बोर्ड दर दहा सेकंदांनी मागत राहतो, आणि संदेश गेला नाही तर टाकून न देता धरून ठेवतो, जाईपर्यंत पाठवतो.

नळाच्या बोर्डाला एक बझरही जोडला, ६० रुपये. इंटरनेट असो-नसो, पाणी आलं की आईच्या खोलीच्या खिडकीशी तो वाजतो. वीजही नसेल तेव्हासाठी बोर्ड पॉवर बँकवर टाकला. चार्ज होता होता वीज देणारी पॉवर बँक लागते, घरातली पहिली तशी नव्हती, दुसरी निघाली.

२६ एप्रिल, शनिवार

यंत्र बंद पडलं हे यंत्रच सांगू शकत नाही. रोज सकाळी सातला "मी चालू आहे" असा संदेश ठेवून पाहिला. तिसऱ्या दिवशी तो आला नाही आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. आलेला संदेश माणसाला दिसतो, न आलेला दिसत नाही.

म्हणून पहारेकरी घराबाहेर ठेवला. गूगल अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे गूगलच्याच संगणकावर चालणारा, लहानसा प्रोग्राम, पैसे लागत नाहीत. दोन्ही बोर्ड दर पाच मिनिटांनी तिथे हजेरी लावतात. स्क्रिप्ट दर दहा मिनिटांनी उठून पाहते, २० मिनिटांत हजेरी नसेल तर "नळाचा बोर्ड गप्प आहे" असा एक संदेश, परत आला की एक. मधे काही नाही.

यातही अर्धा दिवस गेला. हजेरी पाठवली की उत्तर ३०२ येत होतं. चुकलं समजून बोर्ड पुन्हा पाठवायचा, एकेक हजेरी तीनदा लागायची. गूगलची स्क्रिप्ट काम आधी करते आणि उत्तर वाचायला दुसऱ्या पत्त्यावर पाठवते, तेच हे ३०२. आपल्याला उत्तर वाचायचं नसेल तर ते "पोचलं" असंच समजायचं.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

बहीण माहेरी आली, भाचे, दोन्ही आत्या. घरात चौदा माणसं. अंगणातल्या निंबाला झोका, चुलीवर पुरणाचे मांडे. दुपारी तीनला टाकीच्या नळाची धार तुटली. माझ्या फोनवर टाकीत पाणी १२ सेंमी. वर चढून फूटपट्टी टाकली : ६.

सकाळी हाच सेन्सर बरोबर होता. संध्याकाळी ऊन उतरल्यावर परत बरोबर. म्हणजे बिघाड नव्हता, उन्हाचं काहीतरी होतं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर टाकीत दोरीने सोडला : ४८ अंश.

हवेतल्या आवाजाचा वेग तापमानाप्रमाणे वाढतो. २० अंशाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४८ ला सुमारे ३६०. मी मार्चमधल्या थंड पहाटे जुळवलं होतं आणि कोडमध्ये ३४३ कायमचं लिहून ठेवलं होतं. दुपारी आवाज लवकर परत येतो, बोर्डाला वाटतं पाणी जवळ आहे. ११९ सेंमीचं अंतर त्याला साडेपाच सेंमी कमी दिसतं, म्हणजे नसलेलं पन्नासेक लिटर पाणी तो दाखवतो. आणि टाकी जितकी रिकामी, अंतर जितकं जास्त, तितकी ही चूक मोठी. १० चा इशारा दुपारी कधी जाणारच नव्हता.

थंड मुलखात ही चूक कुणाच्या लक्षात येणार नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो आणि काळी टाकी स्लॅबवर दिवसभर तापते. खान्देशात टाकीला अल्ट्रासॉनिक लावणाऱ्याने तापमानाचा सेन्सर सोबतच घ्यावा.

३ मे, शनिवार

डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर घेतला, ११० रुपये, बादलीच्या आत लटकवला. सूत्र सोपं : ३३१.३ मध्ये अंशांची ०.६०६ पट मिळवायची, मीटर प्रतिसेकंद वेग मिळतो. दुपारी अडीचला फूटपट्टी ४१, फोन ४१.५. पहाटे ३८ आणि ३८.

दोन आकडे मात्र कोडमध्ये अडवा. चालू होताना पहिलं माप न घेता वाचलं तर हा सेन्सर ८५ देतो, आणि तार निसटली तर लायब्ररी उणे १२७ देते. उणे १२७ धरून हिशेब केला तर रिकाम्या टाकीत चाळीसेक सेंमी पाणी दिसतं. असे आकडे आले तर शेवटचं शहाणं तापमान वापरायचं.

नळाचा प्रवाह सेन्सर क्षाराने जाम झाला होता, चाक फिरेना. नवा २४०. यावेळी त्याच्या आधी बारीक जाळीचा फिल्टर बसवला, ८० रुपये. दुरून कोड बदलायची सोयही करून ठेवली, त्यामुळे आता प्रत्येक गोष्टीला शनिवार लागणार नाही.

१७ मे, शनिवार

गेल्या तीन पाळ्या बरोबर. रात्री १:२०, पहाटे ४:०५, रात्री ११:४०. तिन्ही वेळी बझर आधी, संदेश मागून.

आई म्हणाली, "गल्लीमा समदास्ले समजाले पाहिजे." तिचं बरोबर आहे, पाणी एकाच पाइपाने येतं. शेजारच्या सहा घरांना गटात घेतलं. नव्या माणसांना जुने संदेशही दिसावेत म्हणून गटाची ती सेटिंग चालू केली, आणि त्याच क्षणापासून संदेश बंद. टेलिग्राम अशा वेळी साध्या गटाचा सुपरग्रुप करतं आणि गटाचा क्रमांक बदलतो. जुन्या क्रमांकावर पाठवलं की ४०० येतं, त्या उत्तरातच नवा क्रमांक लिहिलेला असतो. पहारेकरी स्क्रिप्टही त्याच गटात लिहीत होती, म्हणून तीही मुकी झाली. आता तिचा संदेश गटात जात नाही, माझ्या खाजगी चॅटला येतो. बोर्ड ४०० वाचून नवा क्रमांक स्वतः साठवतो.

आजवरचा खर्च : बोर्ड तीन ८७०, प्रवाह सेन्सर दोन ४८०, अल्ट्रासॉनिक ३४०, तापमान ११०, बझर ६०, फिल्टर ८०, प्लंबर ३००, किरकोळ ३५०. एकूण २,५९०. पॉवर बँक, जुना राउटर, बक कन्व्हर्टर आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर घरातलेच होते.

२४ मे, शनिवार

ढग दाटलेत. पावसाच्या आधी टाकीवरच्या डब्याची भोकं सिलिकॉनने बुजवली, तार खालून वळसा देऊन आत घेतली, म्हणजे पाणी तारेवरून आत ओघळणार नाही. नळाच्या टीमधले स्क्रू काढून पाहिले, पातळ थर होता, लिंबाने निघाला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे नाना करणार, त्यांना स्क्रू कसे काढायचे ते दाखवलं. वॉल्व्ह आधी बंद करायचा, हे खडूने भिंतीवर लिहून ठेवलंय.